पद्मिनी ते समृद्धी : आपल्या पार्किंगची पंचवीस वर्षे

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर ऑफिस आले, जिल्हा परिषद आली, बदलीवर माणसे आली. त्यांना घरे हवी होती. त्यातूनच दोन वर्षांनी आपली सोसायटी उभी राहिली. त्या दिवसांबद्दल या अंकात इतर सभासद लिहितीलच. स्मरणिका समितीने माझ्याकडे 'आपल्या गाड्या' हा विषय सोपवला, त्याचे कारण उघड आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात जी बुटकी लाल गाडी उभी असते, ती माझी. गेल्या सहा वर्षांत माझ्या तब्येतीची चौकशी झाली नसेल एवढी तिची झाली. मोठी माणसे विचारतात, "केवढ्याची भेटली?" आणि "एव्हरेज काय देते?" पोरांचा प्रश्न एकच, "काका, किती पळते?" तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण तिसऱ्याचे उत्तर गाडीच्या कागदावर मिळत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सुरुवातीची दहा वर्षे

आपण राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर, लुना आणि हिरो होंडा यांचेच राज्य होते. चारचाकी म्हणजे एक मारुती ८०० आणि एक प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी मूळची इटलीच्या फियाट कंपनीची, पण ती बनायची मुंबईत, कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा तो कारखाना. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. एके काळी पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. तेव्हा कोणी 'किती पळते' असे विचारत नसे. नंबर कधी लागतो आणि थंडीत सकाळी चालू होते का, एवढेच विचारत. आपली सोसायटी सुरू झाली त्याच सुमारास पद्मिनीचे उत्पादन बंद झाले. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

१९९३ साली मोटार उद्योगावरचे परवान्याचे बंधन उठले आणि परदेशी कंपन्या यायला लागल्या. १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीज तयार होऊ लागली. पण आपल्या भागाच्या जास्त जवळची गोष्ट घडली ती २००१ च्या अखेरीस. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, जालना रोडवर शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि तिथे ऑक्टाव्हिया बनू लागली. वाशिमहून मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत औरंगाबादला जाणाऱ्या प्रत्येकाने एसटीच्या खिडकीतून तो कारखाना पाहिला आहे. डॉक्टर, कंत्राटदार, कापसाचे व्यापारी यांच्या दारात ऑक्टाव्हिया दिसू लागली. दार बंद करतानाचा 'धप्प' आवाज ऐकायला आम्ही उगाच दोनदा दार लावून बघत असू.

पुढे २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी सुमारे १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार ६५ कोटींच्या घरातला. एकत्र खरेदी म्हणून किंमतही घासाघीस करून घेतली. ती बातमी आपल्या कट्ट्यावर आठवडाभर पुरली. लहान शहरातला माणूसही असली गाडी घेऊ शकतो, हे त्या दिवशी सर्वांना कळले. ती चालवायची कुठे, हे मात्र कोणी विचारले नाही.

माझी गाडी आणि जुना रस्ता

माझी गाडी ऑक्टाव्हियाच, पण 'आरएस', म्हणजे रॅली स्पोर्ट. २०१७ साली आपल्याकडे आलेल्या पिढीची. मी ती २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती. म्हणजे जवळजवळ सहा पद्मिनी एका बॉनेटखाली. शून्यातून १०० चा वेग गाठायला ६.८ सेकंद, असे कंपनी सांगते. डिकी मागच्या काचेसकट वर उघडते, त्यामुळे जूनमध्ये सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगाही आरामात येतात. ही सोय कंपनीच्या जाहिरातीत कुठे नव्हती.

आकडे खोटे नसतात. पण ते कुठे मोजलेले आहेत हे बघावे लागते. मायलेजचा अधिकृत आकडा प्रयोगशाळेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून काढतात. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत हे काम चालते. सर्वाधिक वेग मोजायला मोकळा ट्रॅक लागतो. इंदूरजवळ पिथमपूरला त्यासाठी ११.३ किलोमीटरचा गोल ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला. तिथे समोरून बैलगाडी येत नाही.

आपल्या जुन्या रस्त्यावर मात्र सोयाबीनने भरलेल्या ट्रॉल्या, आठवडी बाजार, रात्री अचानक आडवे येणारे रोही आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे. औरंगाबादला पाच ते सहा तास लागायचे, गाडी कुठलीही असो. उलट माझ्या गाडीचे पोट जमिनीजवळ आणि टायरची भिंत बारीक, त्यामुळे खड्डा दिसला की मारुतीवाला पुढे जाई आणि मी मागे राही. त्या रस्त्यावर २३० अश्वशक्तीचा खरा उपयोग एकच होता. दुपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना आपण उलट्या बाजूला जितका वेळ असतो, तो साधारण निम्मा होत असे. ती सुरक्षितता होती, आणि गाडीवर खर्च केलेल्या पैशांतले तेवढेच मला पुरेपूर वसूल झाले असे वाटे.

समृद्धी

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ ला तो शेवटच्या टप्प्यासह पूर्ण ७०१ किलोमीटर झाला. त्यातले सुमारे ९७ किलोमीटर आपल्या जिल्ह्यातून जातात. कारंजा, शेलुबाजार, मालेगाव येथून वर चढता येते. रस्त्याची आखणी १५० च्या वेगाची, पण मोटारींना परवानगी १२० ची. घरून निघून संभाजीनगर अडीच तासांवर आले. पंचवीस वर्षांत आपल्या जिल्ह्यात झालेला हा सर्वांत मोठा बदल, असे मी म्हणेन.

गाडीला शेवटी तिच्या लायकीचा रस्ता मिळाला. आणि तिथेच माझ्या मनातला हिशेब बदलला. मी टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहिणारा माणूस आहे. माझ्या वहीप्रमाणे १०० च्या संथ वेगाला गाडी १४-१५ चे एव्हरेज देते, १२० ला १२ च्या आसपास. कारण वेग वाढतो तसा हवेचा विरोध वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२० वरून १५० ला गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. बदल्यात १०० किलोमीटरमागे वाचतात फक्त १० मिनिटे. एवढी मिनिटे तर पुढच्या थांब्यावर चहालाच जातात.

थांबण्याचा हिशेब याहून महत्त्वाचा. १२० च्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. समोर काही दिसले आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर ते ३३ मीटर गेलेच. त्यानंतर चांगले ब्रेक, चांगले टायर आणि कोरडा रस्ता असूनही थांबायला आणखी ७० मीटर लागतात. एकूण १०० मीटरच्या वर. ६० च्या वेगाला हेच अंतर सुमारे ३५ मीटर. म्हणजे वेग दुप्पट, अंतर तिप्पट. आणि डोळा लागला असेल तर हा हिशेब सुरूच होत नाही.

जुन्या रस्त्यावर झोप येत नसे, खड्डे येऊ देत नसत. समृद्धीवर सरळ रस्ता, एकसारखा आवाज, समोर काहीच नाही. अर्ध्या तासाने डोळे उघडे असतात पण मन जागेवर नसते. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस आपल्याच जिल्ह्यातून पुढे गेली. सिंदखेडराजाजवळ ती दुभाजकाला धडकली, उलटली, पेटली. २५ जण गेले. आपला जिल्हा त्याच दिवशी पंचवीस वर्षांचा झाला होता. आपल्या सोसायटीतली किती मुले पुण्याला शिकतात, नोकरी करतात, आणि रात्रीच्याच गाडीने येतात-जातात, हे मला सांगायला नको. त्या सकाळी जवळपास प्रत्येक घरातून फोन गेले होते.

म्हणून आज कोणी गाडी घ्यायचा सल्ला विचारला, तर मी अश्वशक्तीचे शेवटी सांगतो. आधी टायर बघा. टायरच्या भिंतीवर आकाराच्या आकड्यांनंतर एक अक्षर असते. 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१०, 'व्ही' म्हणजे २४० पर्यंतचा वेग तो टायर सोसतो. तिथेच चार आकडे असतात. '२३२१' लिहिले असेल तर टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी जुना रबर कडक होतो. हवा टायर थंड असताना तपासा, कारण मे महिन्यात सिमेंटचा रस्ता कसा तापतो हे आपल्याला माहीत आहे. मागच्या सीटवरही पट्टा लावा. दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. मध्यरात्री ते पहाट निघू नका, लग्न असो की बारसे.

आता इलेक्ट्रिक गाड्या येत आहेत. त्यांतल्या काही माझ्या गाडीपेक्षा जोरात उसळतात, आणि तेही आवाज न करता. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय करायचा विषय सर्वसाधारण सभेत आला आहे, तो मंजूर व्हावा अशी माझी विनंती आहे. त्याच ठरावात आणखी एक ओळ घालावी : दरवर्षी दिवाळीच्या सुट्ट्यांआधी एका रविवारी पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे टायर आणि हवा तपासायची. हवेचा गेज माझ्याकडे आहे. या कामी तरुण सभासदांनी पुढे यावे. सुवर्णमहोत्सवी अंकात हा लेख पुढे नेणारा त्यांच्यातलाच कोणी असेल.