एल्क शिंगांचे मोजमाप

उत्तर अमेरिकेतील एल्क (वापिटी) या मोठ्या हरणाच्या नराची शिंगे शिकारीनंतर मोजून त्यांना गुणांक देण्याची पद्धत. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने 1887 मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने 1950 मध्ये स्वीकारलेली पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे.

शिंगे वाळताना आकसतात. म्हणून अधिकृत मोजणी किमान 60 दिवस ती हवेत वाळवल्यानंतरच होते. पाव इंच रुंदीच्या पोलादी फितीने इंचाच्या आठव्या भागापर्यंत मापे घेतात. दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, प्रत्येक दांड्याचा चार ठिकाणचा घेर आणि दोन दांड्यांमधील आतले अंतर यांची बेरीज होते. फाटा म्हणून गणला जाण्यासाठी तो किमान एक इंच लांब असावा लागतो. नियमित रचनेच्या वर्गात डाव्या-उजव्या मापांतील फरक आणि आडवेतिडवे फाटे वजा होतात. अनियमित वर्गात असे फाटे उलट मिळवले जातात. सममितीवरचा हा भर वादग्रस्त आहे. जनावराने प्रत्यक्ष वाढवलेले शिंग गुणांकातून कापावे, हे अनेक शिकाऱ्यांना पटत नाही आणि त्यांचा आक्षेप रास्त आहे.

वय, चारा आणि आनुवंशिकता यांवर शिंगांची वाढ अवलंबून असल्याने या नोंदी कळपांच्या प्रकृतीचीही माहिती देतात. कुंपणात कोंडून मारलेल्या जनावराची नोंद क्लब स्वीकारत नाही. नियमित वर्गात सर्वकालीन नोंदवहीसाठी किमान 375 गुण लागतात.