वयात येणारा मासा: देहाकाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोकणच्या किनाऱ्यावर तारली ओळखण्यात सहसा कोणी चुकत नाही. मात्र पावसाच्या तोंडावर जाळ्यात आलेली तारली आणि दिवाळीनंतरची तारली शेजारीशेजारी ठेवली, तर लांबी सारखी असूनही बांधा निराळा दिसतो. हा फरक कशाने पडतो, हा प्रश्न या अभ्यासशाखेच्या मुळाशी आहे. मोठ्या माशांना लाभणारे कुतूहल या लहान माशांच्या वाट्याला क्वचितच येते. वाचकांनी थोडा वेळ ते त्यांनाही द्यावे, ही विनंती.

तारली साधारण वर्षभरात, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या आसपास, प्रजननक्षम होते. तोवर अन्नातून मिळणारी शक्ती मुख्यतः लांबी वाढवण्यात खर्च होते. पुढे तिचा मोठा वाटा जननग्रंथींकडे वळतो. मादीच्या पोटात गाबोळी भरू लागली की पोटाची खोली वाढते, डोके आणि शेपटीकडचा भाग मात्र फारसा बदलत नाही. नैर्ऋत्य मोसमी पावसात अंडी घालून झाली की तेच पोट खपाटीला जाते. पावसानंतर मुबलक प्लवक खाऊन अंगात तेल साठते आणि मासा पुन्हा भरतो, पण या वेळी गाबोळीने नव्हे, चरबीने.

काही जातींत बदल पोटापुरता थांबत नाही. उत्तर अटलांटिकमधल्या कॅपेलिन या छोट्या माशाच्या नरांना विणीच्या काळात दोन्ही कुशींवर लांबट खवल्यांचे उंचवटे येतात. त्या दिवसांत नर आणि मादी नुसत्या नजरेने वेगळे ओळखता येतात.

हे बदल मोजायचे कसे? सोपी वाट वजन आणि लांबी यांच्या नात्यातून जाते. ग्रॅममधल्या वजनाला १०० ने गुणून सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागले की सुस्थिती निर्देशांक मिळतो. समजा, १६ सेंटिमीटरचा एक मासा ४१ ग्रॅम भरला आणि तेवढ्याच लांबीचा दुसरा ३६ ग्रॅम. पहिल्याचा निर्देशांक १ येईल, दुसऱ्याचा ०.८८. इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवरातील पर्च माशांवरचा ले क्रेन यांचा १९५१ चा निबंध या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा आहे. आकडा कळला तरी वजन नेमके कुठे वाढले ते कळत नाही. त्यासाठी १९८२ मध्ये स्ट्रॉस आणि बुकस्टाइन यांनी शरीरावरचे ठरावीक बिंदू रेषांच्या जाळ्याने जोडून मोजण्याची पद्धत मांडली.

नव्याने या विषयाकडे वळणाऱ्या वाचकांनी एक पथ्य पाळावे. दोन ठिकाणच्या माशांचे आकार वेगळे दिसले म्हणून त्यांचे थवे वेगळे, असा निष्कर्ष लगेच काढू नये. एका ठिकाणची मासळी विणीपूर्वी आणि दुसरीकडची विणीनंतर पकडलेली असू शकते. तुलना करायची ती एकाच लिंगाच्या आणि परिपक्वतेच्या एकाच पायरीवरच्या माशांची.

या ज्ञानाचा उपयोग प्रयोगशाळेपुरता नाही. मासा किती लांबीचा झाल्यावर प्रथम अंडी घालतो हे ठाऊक असेल, तरच पकडण्यायोग्य किमान आकार ठरवता येतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; या काळात अनेक जातींची वीण सुरू असते.

तुम्हाला सुरुवात करायला मोठी साधने लागणार नाहीत: एक मोजपट्टी, एक तराजू आणि एक वही. प्रत्येक माशाची लांबी आणि वजन लिहाल, तेव्हा पोट उघडून त्याचे लिंग आणि गाबोळीची अवस्थाही पाहा, आणि तारखेसह त्याच ओळीत नोंदवा.