शिलेदार, बारगीर आणि घोड्याचे वाटेकरी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांना आम्ही हा विषय कळविला तेव्हा त्यांनी थोड्या काळजीनेच विचारले, की कामगार चळवळीतल्या माणसाला घोड्यांच्या शर्यतीशी काय कर्तव्य? त्यांची शंका रास्त होती. परंतु हल्ली आमच्याकडे पगाराच्या आणि रजेच्या तक्रारी घेऊन येणारी तरुण मंडळी जाता जाता हळूच विचारतात, "अण्णा, शर्यतीच्या घोड्यात म्हणे वाटा मिळतोय. दहा-वीस जणांत एक घोडा. घ्यावा काय?" होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता आले असते. पण प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. घोडा कोणाचा, त्यावर बसणारा कोण, तो मेला तर भुर्दंड कोणाला, ही भांडणे या मुलुखात तीनशे-साडेतीनशे वर्षे चाललेली आहेत. म्हणून आज थोडे मागे जाऊन बोलू. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे जे काही आहे ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने दिलेले. तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे.

आपले गाव विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. १८४४ साली गडकऱ्यांचे बंड झाले, गडांची मोडतोड झाली आणि जहागिरीचा कारभार गडावरून खाली इथे आला. त्यामुळे शिलेदार आणि बारगीर हे शब्द आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाहीत, आडनावांतूनच भेटतात. पण त्यांतला फरक आज किती जणांच्या ध्यानात आहे? ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. जो दुसऱ्याच्या, बहुधा सरकारच्या, घोड्यावर बसतो तो बारगीर. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. महाराजांचा भर या सरकारी पागेवर होता. घोडा सरकारचा असला म्हणजे तो सरकारच्या हुकमाने धावतो, हे त्यामागचे साधे गणित.

शिलेदाराचे तसे नसते. घोडा हे त्याचे शेत, त्याचे भांडवल, त्याच्या मुलीच्या लग्नाचा पैसा. ऐन लढाईत घोडा पडला तर माणूस जिवंत राहूनही बुडाला. पुढे पेशवाईत शिलेदारी वाढली, तेव्हा फौज जिवापेक्षा घोड्याला जपते अशी कुरकुर सुरू झाली. तिला भेकडपणा म्हणणाऱ्यांनी कर्ज काढून हत्यारे घेणाऱ्या कारागिराकडे पाहावे. ज्याची सारी पुंजी चार पायांवर उभी आहे तो ती पुंजी भाल्याच्या टोकावर का घालील? मालकीचा अभिमान आणि मालकीचे भय ही दोन्ही एकाच खोगिरावर बसून येतात.

इंग्रजांनी ही पद्धत मोडली नाही, उलट हिशेबात बसविली. जून १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाशी पुण्याचा करार झाला. त्यातून उभी राहिलेली घोडदळाची तुकडी पुढे 'पूना हॉर्स' म्हणून प्रसिद्ध झाली. अशा पलटणींत शिलेदारी चाले. स्वार भरती होताना काही रक्कम पलटणीत भरी, किंवा पलटणीकडूनच कर्जाऊ घेई. तिच्या बदल्यात त्याला घोडा आणि सरंजाम मिळे. या हक्काला 'असामी' म्हणत. पगार जरा जास्त, पण त्यातूनच घोड्याचा दाणागोटा बघायचा. नोकरी संपली की असामीचे पैसे परत. कोणी सधन गडी चार-पाच असाम्या बाळगी आणि त्यांवर आपले बारगीर बसवी. म्हणजे वाटा विकत घेऊन दुसऱ्याला दौडवण्याची कल्पना काही लंडनहून आलेली नाही!

या व्यवस्थेत आम्हांला सर्वांत आवडते ती 'चंदा' नावाची तरतूद. प्रत्येक स्वाराने दरमहा थोडे पैसे एका निधीत टाकायचे आणि ज्याचा घोडा मरेल त्याला त्या निधीतून दुसरा मिळायचा. एकाचे नुकसान साऱ्यांनी मिळून सोसायचे. आपल्या गिरणीतल्या मयतफंडाची ही थोरली बहीण म्हणावी. १९१४ च्या महायुद्धात घोडे इतक्या वेगाने मरू लागले, की कोणताच चंदा पुरा पडेना, आणि युद्धानंतर ती पद्धत बंद करण्यात आली.

शेतकऱ्याला तर हे कळायला पलटण लागत नाही. एकेका बैलाचे दोन शेतकरी सावड करून जोडी जुळवतात. म्हैस अर्धेलीवर दिली, की चारा एकाचा, जनावर दुसऱ्याचे आणि वासरू वाटणीचे. शर्यतीचा बैल चार मित्रांत असतो, हे तुम्ही आमच्याहून अधिक जाणता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या शर्यती थांबविल्या, डिसेंबर २०२१ मध्ये मुभा दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा उचलून धरला. त्या मधल्या सात वर्षांत चार मित्रांपैकी कोणी वैरण घातली आणि कोणी पाठ फिरविली, याचा इतिहास लिहिला तर तोही वाचनीय होईल.

आता मुंबईकडे वळू. तिथे घोडदौडीचा क्लब एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच निघाला. शर्यती भायखळ्याला होत. इराणच्या आखातातून अरबी घोडे आणि पुढे ऑस्ट्रेलियातून 'वेलर' जातीचे घोडे जहाजाने बंदरात उतरत. १८८३ साली मैदान महालक्ष्मीला गेले, त्यात खुश्रू वाडिया यांचा मोठा हात होता. १९३५ साली क्लबाला 'रॉयल' ही पदवी मिळाली. इकडे कोल्हापुरात आज रेसकोर्स नाका हे नाव तेवढे उरले आहे.

महालक्ष्मीच्या मैदानापासून गिरण्यांच्या चिमण्या हाकेच्या अंतरावर होत्या. १९२८ साली दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्यांत आपल्या घाटावरचे आणि कोकणातले किती होते, ते जुन्या खानावळवाल्या बाईंना विचारावे. सर व्हिक्टर ससून यांच्या घराण्याच्या गिरण्या याच मुंबईत होत्या. पुढे त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी चार वेळा जिंकली: १९५३ साली पिंझा, १९५७ साली क्रेपेलो, १९५८ साली हार्ड रिडन आणि १९६० साली सेंट पॅडी. आम्ही ससूनांच्या घोड्यांवर राग धरीत नाही. पिंझा मोठा गुणी घोडा होता. पण त्याच्या दाण्यात परळच्या धाग्याचा काही अंश होता, एवढी नोंद इतिहासाने करावी.

त्या काळी वाटा वगैरे भानगड नसे. एक घोडा, एक मालक. राजपिपळ्याच्या महाराजांचा विंडसर लॅड १९३४ सालची डर्बी जिंकला. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांची प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकली. त्यांनीच १९४५ साली इंग्लंडात एक शिंगरू अठ्ठावीस हजार गिनींना घेतले. तेव्हाचा तो उच्चांक होता. आजोबांचे नाव देऊन त्याला सयाजीराव केले आणि १९४७ साली त्याने सेंट लेजर जिंकली. चार वर्षांनी, १९५१ साली, महाराजांची गादी गेली. उधळपट्टी हे त्या प्रकरणातले एक मोठे कलम होते. १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही संपले.

एका माणसाला न झेपणारा घोडा अनेकांनी घ्यायचा, ही रीत मग जगभर वाढली. अमेरिकेत १९७३ साली सेक्रेटेरियट नावाच्या घोड्याचे बत्तीस वाटे, प्रत्येकी एक लाख नव्वद हजार डॉलरला, विकले गेले. हे वाटे शर्यतीसाठी नव्हते, तर पैदाशीसाठी: वर्षाला अमुक घोड्या त्याला दाखविण्याचा हक्क. शेरगर या घोड्याचे १९८१ साली चाळीस वाटे झाले, प्रत्येकी अडीच लाख पौंडांचे. सहा वाटे आगाखानांनी ठेवले, चौतीस विकले. ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री आयर्लंडातून बंदूकधाऱ्यांनी तो पळविला. त्यांची समजूत अशी, की मालक एक आगाखान, तेव्हा खंडणी एकाच दाराशी मागायची. इकडे मालकांची समिती! वाटेकऱ्यांनी खंडणी दिली नाही, घोडा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही, आणि विम्याच्या पैशांवरून पुढे तंटे झाले ते वेगळेच. चंद्याची तरतूद पुन्हा आठवावी.

आमच्या मनाजोगी हकिकत मात्र वेल्समधल्या केव्हन फॉरेस्ट या गावची आहे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९८४-८५ च्या मोठ्या संपानंतर खाणी एकामागून एक बंद पडल्या. तिथल्या कामगार क्लबात पेये वाढणाऱ्या जॅन व्होक्स या बाईने एक हरलेली घोडी साडेतीनशे पौंडांना घेतली. २००१ साली तिला शिंगरू झाले, ते खाणीच्या राडारोड्याजवळच्या भाजीच्या वाफ्यात वाढले. क्लबातल्या तेवीसेक जणांनी आठवड्याला दहा-दहा पौंड घातले. घोड्याचे नाव ड्रीम अलायन्स. २००८ साली त्याच्या पायाची शीर कापली गेली. पुष्कळांनी गोळी घाला म्हटले असते. वाटेकऱ्यांनी जिंकलेल्या पैशांतून उपचार केला, आणि डिसेंबर २००९ मध्ये तो वेल्श ग्रँड नॅशनल जिंकला. सारा हिशेब झाल्यावर माणशी पदरात पडले चौदाशे पौंडांच्या आसपास. आठवड्याला दहा पौंड देणाऱ्या खाणमजुराला आपण काय विकत घेतो हे ठाऊक होते: शनिवारी बोलायला एक विषय, आणि पेपरात एकदा तरी नाव.

यावरून आपल्या तरुणांनी काय विचारावे? पहिले म्हणजे, घोडा किती वर्षे धावतो. इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. म्हणजे कमाईचा काळ थोडकाच. खर्च मात्र रोजचा: दाणा, नालबंद, पशुवैद्य, ट्रेनर. वाट्याची किंमत एकदा भरायची, खर्चाची वर्गणी दरमहा. आणि जाहिरातीत पहिला आकडा ठळक, दुसरा बारीक असतो. दुसरे, मत कोणाला? साखर कारखान्यात एका सभासदाला एक मत असते. इथे बहुधा एकच कारभारी क्लबाशी बोलतो आणि कोणती शर्यत धावायची ते ट्रेनर ठरवितो. तिसरे, पैसे कोणाच्या खात्यात जातात, आणि क्लबाच्या दप्तरी त्या घोड्यासमोर कोणाची नावे आहेत. नाव नसेल तर तुम्ही शिलेदार नव्हे. बारगिराला निदान घोड्यावर बसायला मिळे.

कोणी 'नफ्याची हमी' म्हणाला, तर तिथेच उठावे. जनावरांत पैसे गुंतवून घरबसल्या उत्पन्न, ही भाषा आपल्या भागाला नवी नाही. २०१९ साली कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत सांगली-कोल्हापूरकडचे किती शेतकरी पोळले, ते सांगायला नको. त्याआधी सागवानाच्या योजनांनी शहरातले पेन्शनर बुडविले होते. त्यानंतर १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणुकीचे नियम केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निवाडा दिला हे खरे. पण तो निवाडा शर्यतीबद्दल आहे, तुमच्या वाट्याच्या कागदाबद्दल नाही.

आणि एक प्रश्न आमचा, युनियनचा. तबेल्यात रात्री घोड्याशेजारी झोपणाऱ्या मोतद्दाराला पगार काय, लाथ बसली तर औषधपाणी कोणाचे? वाटेकरी झालात म्हणजे थोडेसे त्याचेही मालक झालात. वाट्याच्या करारनाम्यात हे कलम शोधा.

शेवटी घोड्याचे म्हातारपण. पुण्याच्या पूनावाला यांच्या पागेतली उतरलेली घोडी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिली जात. तिथे त्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरचे प्रतिविष तयार होई. त्यावरूनच सायरस पूनावाला यांना कारखान्याची कल्पना सुचली आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. पायात खिळा गेलेल्या किती मजुरांना तेव्हा त्या घोड्यांच्या रक्ताची सुई टोचली गेली असेल. त्यांतल्या कोणापाशीही वाट्याचा कागद नव्हता.