घरकामगार महिलांचे हक्क : बेळगावात काय, चंदगडात काय?

धुणीभांडी, झाडलोट, स्वयंपाक, लहान मूल किंवा म्हातारं माणूस सांभाळणं, हे सगळं घरकामात येतं. बेळगावात टिळकवाडी, शहापूर, सदाशिवनगर भागात ही कामं करणाऱ्या बायका शहरातल्या आहेत, तशा चंदगड भागातून रोज ये-जा करणाऱ्याही आहेत. मग कायदा कुठला लागू? पगारापुरतं उत्तर सरळ आहे : काम जिथे, तिथला. राहायला शिनोळीत असलात तरी भांडी बेळगावात घासत असाल, तर किमान वेतन कर्नाटकचं.

कर्नाटकने घरकामाला किमान वेतन २००४ मध्येच लागू केलं. आठ तासांवर काम गेलं तर जादा वेळेला दुप्पट दर, घरात चारपेक्षा जास्त माणसं असतील तर दहा टक्के जादा, असं त्यात होतं. महागाई भत्त्याप्रमाणे दर बदलत राहतात, त्यामुळे चालू आकडा कामगार खात्याच्या कार्यालयातच विचारावा. शेजारणीला किती मिळतात यावर ठरवू नये. तिलाही बहुतेक कमीच मिळत असतात.

महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी त्यात होते. पण तो महाराष्ट्रातल्या कामासाठी. राहणं तिकडे आणि काम इकडे असलेली बाई इथे नेमकी मधेच अडकते. तिने निदान ई-श्रम कार्ड तरी काढावं. ही केंद्राची नोंदणी आहे, सीमा आड येत नाही. वय १६ ते ५९, नोंदणी फुकट.

आता खरी अडचण. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने घरकामगाराला असंघटित कामगारांत धरलं आहे, पण औद्योगिक संबंध संहितेने घरगुती सेवा ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळली. म्हणजे ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं की कारखान्यातल्या कामगारासारखी दाद मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितलं, ते याच पोकळीमुळे.

म्हणून हिशेब लिहून ठेवा. मी कॉमर्सवाला, मला हे आधी सुचणारच. पण भांडण बहुतेक वेळा खाड्यांवरून आणि उचलीवरूनच होतं. कामाला लागतानाच काम, वेळ, पगार, महिन्याच्या सुट्ट्या एका वहीत लिहून मालकिणीची सही घ्या. उचल घेतली ती तारीख आणि दर महिन्याला किती कापली तेही लिहा. पगार फोनवर किंवा खात्यात आला तर उत्तमच, पुरावा आपोआप राहतो.

चोरीचा आळ आला तर? घरमालकाला तुम्हाला खोलीत कोंडता येत नाही, तो गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार झालीच तर तुमची झडती महिलेनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी घ्यावी लागते.

लैंगिक छळाबाबत मात्र २०१३ चा कायदा घरकामगारांना स्पष्टपणे लागू आहे. त्यात घर हेसुद्धा कामाचं ठिकाण आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची. चौकशी डीसी ऑफिसात करा. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यासाठी मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. थेट पोलिसांतही जाता येतं. घटना बेळगावात घडली आणि तुम्ही चंदगडला परतलात, तरी तिथल्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलीला कामाला ठेवणं तर गुन्हाच. ‘शाळा शिकवतो’ म्हणून गावाकडून आणलेली असली तरी.

राहिली भाषा. कचेरीत ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून अर्ज परत केला, तर राज्यघटनेचं कलम ३५० सांगा. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, मराठीतही. काम लवकर व्हावं म्हणून सोबत कन्नड प्रत जोडली तर बरं. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. फोन १५१००, महिला हेल्पलाइन १८१, तातडीची वेळ असेल तर ११२.