चवळीने हलवलेलं जनुक

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या किराणा दुकानात चवळी आणि वाटाणा शेजारी-शेजारी मिळतात. दोन्ही शेंगावर्गातली. पण श्वसनाच्या साखळीतलं 'कॉक्स-२' हे जनुक वाटाण्याने पेशीतल्या तंतुकणिकेतच (मायटोकॉन्ड्रियात) ठेवलं आहे, तर चवळीने तिथून पुरतं पुसून फक्त केंद्रकात राखलं आहे!

आधीची कथा ठाऊक आहे: एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला, तिथेच राहिला आणि त्याची तंतुकणिका झाली. त्याची बहुतेक जनुकं हरवली किंवा केंद्रकात गेली. माणसाच्या तंतुकणिकेत ३७ उरली आहेत. ही स्थलांतरं इतकी जुनी की वाटेवरच्या खुणा पुसल्या गेल्या. शेंगावर्गात मात्र त्या अजून दिसतात.

१९९१ साली जॅकलिन न्यूजेंट आणि जेफ्री पामर यांनी या खुणा वाचल्या. वनस्पतींच्या तंतुकणिकेत जनुकाची आरएनए-प्रत निघाली की तिच्यातली काही 'सी' अक्षरं बदलून 'यू' केली जातात. केंद्रकातल्या कॉक्स-२ मध्ये या दुरुस्त्या आधीच झालेल्या आहेत. म्हणजे तिथे पोचली ती दुरुस्त आरएनएवरून उलटी उतरवलेली डीएनए-प्रत.

यावर आक्षेप आहे. अरॅबिडॉप्सिस या रोपाच्या दुसऱ्या गुणसूत्रात तंतुकणिकेच्या डीएनएचाच सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरांचा तुकडा घुसलेला आहे. मग आरएनएचा वळसा कशाला? दुरुस्त प्रत आधी तंतुकणिकेच्याच डीएनएत बसली असेल आणि मग तुकड्याबरोबर गेली असेल. शक्य आहे. तरीही आरएनएची पायरी टळत नाहीच, आणि माझा कौल दुरुस्त प्रत थेट केंद्रकात गेली यालाच.

खरा वाद पुढचा आहे: दोन प्रतींपैकी कोणती टिकते? १९९९ मध्ये पामर यांच्या गटाने शेंगावर्गातल्या २५हून अधिक प्रजाती-गटांत पाहिलं, तर केंद्रकातली आणि तंतुकणिकेतली प्रत बंद पडण्याचे प्रसंग जवळपास सारखेच, प्रत्येकी तीन ते पाच. त्यांचा निष्कर्ष: कोणती प्रत टिकते हा योगायोग. २००२ मध्ये डेली, क्लिफ्टन आणि व्हेलन यांनी दाखवलं की केंद्रकातल्या कॉक्स-२ वरून तंतुकणिकेबाहेर बनणाऱ्या प्रथिनाचा पाण्याला टाळण्याचा गुण थोडा कमी झाला, तरच ते तंतुकणिकेत शिरतं. माझ्या मते दोन्ही खरं: जाता कोणाला येतं हे रसायन ठरवतं, गेल्यावर राहतं कोण हे नशीब.

सोयाबीनमध्ये दोन्ही प्रती आहेत, तंतुकणिकेतली मुकी. मूगही चवळीच्याच वाटेने गेला. सात शेंगावर्गीय वनस्पतींत तर दोन्ही प्रतींवरून आजही आरएनए निघतो; तिथे निकाल लागायचा आहे.