एनजीसी १३६५

अश्मंत तारकासमूहातील दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. विषुवांश ३ तास ३३.६ मिनिटे, क्रांती दक्षिण ३६ अंश ८ मिनिटे. अंतर सुमारे ५.६ कोटी प्रकाशवर्षे. व्यास सुमारे २ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे आकाशगंगेच्या जवळपास दुप्पट. जेम्स डनलॉप यांनी १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॅरामॅटा येथून तिची नोंद केली. लंडनहून ती क्षितिजाच्या जेमतेम दोन अंश वर येते, त्यामुळे तिकडच्या निरीक्षकांच्या हाती ती लागली नाही यात नवल नाही.

महाराष्ट्र याबाबत भाग्यवान आहे. परभणी जिल्ह्यातील बोरी (ता. जिंतूर) येथून ती दक्षिणेस सुमारे ३४ अंश उंचीवर येते. शोधण्याची खूण सोपी आहे: कृत्तिका माथ्यावर आल्या की दक्षिणेकडे तोंड करावे. संक्रांतीच्या सुमारास ही वेळ रात्री आठच्या आसपास येते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. अमावास्येजवळची रात्र, गावाच्या दिव्यांपासून लांबचे शिवार आणि आठ इंची दुर्बीण एवढे जमले, तर आधी मधला उजळ ठिपका दिसतो. डोळे अंधाराला सरावले, की त्याच्या दोन्ही बाजूंना गेलेला पुसट पट्टा जाणवू लागतो. नजर किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे तो अधिक उठून दिसतो. भुजा नीट पाहायच्या तर मोठी दुर्बीण किंवा छायाचित्रच हवे.

हा पट्टा म्हणजे ताऱ्यांचा दंड. त्याच्या दोन टोकांपासून दोन मोठ्या भुजा निघतात. दंडाच्या गुरुत्वाकर्षणामुळे वायू व धूळ यांचा कोनीय संवेग कमी होतो आणि ते केंद्राकडे ओढले जातात. तेथे त्यांचे दाट वलय बनते व त्यात भराभर नवे तारे जन्मतात. केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे २० लाख सूर्यांएवढे असून ते प्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरते, असे न्यूस्टार व एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून २०१३ मध्ये जाहीर झाले. २०१२ मध्ये या दीर्घिकेत एक अतिनवतारा (२०१२एफआर) उजळला होता.

आपली आकाशगंगाही दंडयुक्तच आहे. मात्र आपण तिच्या तबकडीतच राहत असल्याने तिचा दंड बाहेरून पाहणे शक्य नाही. आपल्या घराचा आराखडा समजून घ्यायला एनजीसी १३६५ इतके ठसठशीत उदाहरण क्वचितच सापडते. बोरीच्याच अक्षांशाजवळ असलेल्या खोडद (ता. जुन्नर) येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची नजर दक्षिणेस क्रांती ५३ अंशांपर्यंत पोहोचते, त्यामुळे ही दीर्घिका तिच्याही आवाक्यात आहे.