आवाज जुळवण्याचा इतिहास

क्रिकेटचा सामना चालू असतो. आपल्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावतच असतो आणि वरच्या मजल्यावरून ‘आऊट!’ असा जल्लोष ऐकू येतो. तोच सामना, तेच समालोचन, पण दोन घरांत काही सेकंदांचे अंतर! रेडिओच्या जमान्यात असे होत नसे. बुधवारी रात्री गल्लीतून चालत गेले, तर बिनाका गीतमालेतले गाणे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत न तुटता ऐकू येई. मग तंत्र सुधारले आणि एकत्रपणा बिघडला, हे कसे?

नोकरीमुळे माझा नेटवर्कशी रोजचा संबंध आहे. २०२० साली आपण सर्वांनी घरोघरून ऑनलाइन आरती म्हटली, तेव्हा जो गोंधळ झाला त्याचे कारण अनेकांनी मला विचारले होते. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे, बोलपटांच्या काळात जावे लागेल.

‘द जाझ सिंगर’ हा अमेरिकन चित्रपट १९२७ साली आला. त्याचा आवाज फिल्मवर नव्हता, वेगळ्या तबकडीवर होता. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरने फिरत, म्हणून ओठ आणि शब्द जुळत. पण फिल्म तुटली आणि चार चौकटी कापून जोडली, की पुढे सगळे बिघडे. म्हणून जितक्या चौकटी गेल्या तितक्याच कोऱ्या चौकटी जोडाव्या लागत. पुढे आवाज फिल्मच्याच कडेवर छापला जाऊ लागला. आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याच पद्धतीचा. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी माणसाने पडद्यावर मराठी ऐकली. या फिल्मवर आवाज चित्राच्या शेजारी नसून सुमारे वीस चौकटी पुढे असतो, कारण चित्र थांबतथांबत सरकते आणि आवाजाला मात्र एकसारखी गती लागते. म्हणजे जुळवणे याचा अर्थ शेजारी ठेवणे नव्हे, तर नेमके अंतर राखणे.

दुसरा प्रश्न मोठ्या जागांचा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तारेतून मात्र जवळजवळ क्षणात पोहोचतो. त्यामुळे मंचापासून १०० मीटरवर दुसरा कर्णा लावला, तर तिथल्या श्रोत्याला तो शब्द आधी जवळच्या कर्ण्यातून आणि पाव सेकंदापेक्षा जास्त उशिराने मंचावरून ऐकू येतो. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ ते १९५१ या काळात यावर संशोधन प्रसिद्ध केले. दोन आवाजांत साधारण ३० मिलिसेकंदांपर्यंत अंतर असेल (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग), तर कानाला ते एकच वाटतात आणि जो आधी आला त्याच्याच दिशेने आवाज आल्याचा भास होतो. अंतर याहून बरेच वाढले की प्रतिध्वनी सुरू.

यावर उपाय एकच, जवळच्या कर्ण्याला थांबवणे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे केले गेले. फिरत्या चकतीवर आवाज चुंबकीय पद्धतीने मुद्रित व्हायचा आणि थोड्या थोड्या अंतरावर बसवलेली हेडे तो वाचून मागच्या कर्ण्यांना उशिरा पाठवायची. १९७३ साली अमेरिकेत वॅटकिन्स ग्लेन येथे सुमारे सहा लाख लोक संगीत ऐकायला जमले, तेव्हा हेच काम डिजिटल यंत्रांनी केले.

तिसरा टप्पा नेटवर्कचा, आणि तो सर्वात अवघड. तारेतला उशीर ठरलेला असतो. इंटरनेटवर आवाजाचे लहान लहान तुकडे जातात, आणि प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ वेगळा. त्यामुळे प्रत्येक यंत्र काही तुकडे साठवून मग वाजवायला लागते. हा साठा कुणाकडे मोठा, कुणाकडे लहान. वरच्या मजल्यावरचा जल्लोष आधी का ऐकू येतो, ते आता लक्षात आले असेल.

यावर तोडगा असा की प्रत्येक तुकड्यावर ‘अमुक वेळी वाजव’ असे लिहून पाठवायचे. पण मग सर्वांची घड्याळे एक हवीत. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली संगणकांची घड्याळे जुळवणारी एनटीपी ही पद्धत मांडली. समजा, माझ्या घड्याळात बरोबर दहा वाजता मी दूरच्या संगणकाला वेळ विचारली. उत्तर आले तेव्हा माझ्याकडे दहा वाजून ४ सेकंद झाले होते आणि उत्तरात लिहिले होते, दहा वाजून १२ सेकंद. जाण्यायेण्यात ४ सेकंद गेले, म्हणजे येताना २. तेव्हा खरी वेळ दहा वाजून १४ सेकंद आणि माझे घड्याळ १० सेकंद मागे! यात जाण्याला व येण्याला सारखाच वेळ लागतो असे धरावे लागते, म्हणून पुन्हा पुन्हा आणि अनेकांना विचारावे लागते. जन्मापासून डोळ्यांचा विकार असलेले आणि पुढे दृष्टी गमावलेले मिल्स २०२४ साली वारले. जगभरचे असंख्य संगणक आजही त्यांच्या पद्धतीने वेळ जुळवतात. २००२ साली याहून सूक्ष्म अशी पीटीपी पद्धत आली, ती आज स्टुडिओ व मोठ्या सभागृहांत वापरली जाते.

घड्याळ एकदा जुळवून भागत नाही. दोन यंत्रांच्या स्फटिकांत दहा लाखांत ५० इतका बारीक फरक असला, तरी तासाभरात १८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. म्हणून घरातल्या अनेक स्पीकरना एकत्र वाजवणारी यंत्रे आवाजाचा वेग सतत किंचित कमीजास्त करत असतात.

आता आरतीकडे येऊ. वरच्या सर्व उपायांत पुढे गेलेल्याला थांबवले आहे. ऐकणाऱ्यांना असे थांबवता येते, गाणाऱ्यांना येत नाही. समजा इथून पुण्याला आवाज जायला २०० मिलिसेकंद लागतात. पुण्याच्या मंडळींनी माझ्याबरोबर सूर धरला, तरी तो मला ४०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. मी त्यांच्यासाठी थांबलो की ते आणखी थांबणार आणि आरती रेंगाळत जाणार. माझाच आवाज मला उशिरा ऐकवला, तर मी अडखळणार. एकत्र गाण्यासाठी हा उशीर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत लागतो, म्हणजे मांडवात आठ-दहा मीटरवर उभे राहण्याइतका. यात अंतराचा दोष कमीच. ५०० किलोमीटर काचतंतूतून प्रकाश अडीच मिलिसेकंदांत जातो. बाकीचा सगळा उशीर आपल्या यंत्रांतला आणि वाटेवरच्या थांब्यांतला. तेव्हा २०२० साली चुकले ते आपले तालाचे ज्ञान नव्हे.

यावरून आपल्या मंडळासाठी दोन-तीन गोष्टी सुचवतो. मांडवात मागचे स्पीकर लावताना मंचापासूनचे अंतर मीटरमध्ये मोजावे, त्याला तीनने गुणावे आणि तितके मिलिसेकंद, वर दहा-पंधरा, मिक्सरवर डिले द्यावा. ऑनलाइन आरतीत माईक फक्त मांडवातला चालू ठेवावा. घरच्यांनी आपले माईक बंद ठेवून मोकळेपणाने गावे, त्यांच्या घरात ती आरती अगदी जुळलेली असेल.

उरते ती एक रुखरुख. गावी असलेल्या, प्रवास न झेपणाऱ्या आपल्या आईवडिलांचा आवाज यात मांडवापर्यंत येत नाही. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर यांनी २०१० साली १८५ गायकांचे घरोघरी मुद्रित केलेले आवाज जोडून एक समूहगान तयार केले. आपणही पेटी आणि टाळांचे एकच मुद्रण सर्वांना आधी पाठवू. घरच्यांनी ते कानाशी लावून ऐकत आपला आवाज मोबाइलवर मुद्रित करून पाठवावा. जुळवण्याचे काम मी करीन. विसर्जनाच्या आदल्या दिवशी ती आरती मांडवात लावू. आवाज येत्या पंधरा दिवसांत मिळाले, तर सर्वांचे घेता येतील.